चामखिळीच्या मॅडम

मॅडम माणसाच्या तोंडाकडे आधी बघायच्या नाहीत, हाताकडे बघायच्या. हातावर चामखीळ दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. आमच्या कंपनीतल्या एका क्लार्कचं डोंबिवलीला लग्न होतं. मॅडम आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढल्या, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. फोटोवाला थांबला, मागची रांग थांबली. मॅडम विचारतायत, "ही केव्हापासून आहे?" नवरीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, आधीची कोणीतरी निघाली.

मी त्या कंपनीत ड्रायव्हर होतो. मानपाड्याजवळ एमआयडीसी आली तेव्हा आमची भातशेती गेली आणि बदल्यात मला स्टेअरिंग मिळालं. शिक्षण चौथी. कंपनी ढोरांच्या लशी बनवायची. गाडीच्या दोन्ही बाजूंना मोठी गाय काढलेली, हसणारी. गाय हसताना मी आयुष्यात पाहिली नाही, पण साहेबांनी तसंच काढायला सांगितलेलं.

मॅडम शिकल्या माणसांच्या डॉक्टर म्हणून, नोकरी ढोरांच्या कंपनीत. दवाखाना का नाही घातला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर येतो. मला त्याच्या आधी गाठायचंय." लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" तर म्हणायच्या, "असतील कुठेतरी, मला भेटले नाहीत." गाईला 'अहो' म्हणायच्या आणि साहेबाला 'अरे'. साहेब वयानं लहान होता हे खरं, पण गाय त्याहून लहान होती.

आठवड्यातून एकदा मी त्यांना कल्याणच्या तबेल्यांत न्यायचो. तिथे भैया लोकांच्या म्हशी, थोड्या जर्सी गाई. गाईंच्या आचळांवर चामखिळी यायच्या, दूध काढताना गाय लाथ मारायची. मॅडम शेणात चपला बुडवून खाली बसायच्या. "अहो, जरा पाय बाजूला घ्या," असं गाईला सांगून चामखीळ कापायच्या आणि बर्फाच्या थर्मासमध्ये टाकायच्या. कंपनीत आणून त्या वाटायच्या, औषधानं त्यातलं विष मारायचं, गाळायचं, की झाली लस. ज्या गोठ्याची चामखीळ त्याच गोठ्याला ती टोचायची. बऱ्याच गाई बऱ्या व्हायच्या. एका भैयानं एकदा स्वतःची बाही वर केली. कोपरावर त्याच्याही होती. "डाक्टरनी, हमको भी मार दो." मॅडम म्हणाल्या, "तुम गाय हो क्या? हिची हिलाच लागू पडते. तुझ्यासाठी वेगळी करायला लागेल." तो म्हणाला, "तो कर दो." मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा दादा, याला कळलं. साहेबाला कळत नाही."

साहेबाला काय कळत नव्हतं ते सांगतो. चामखीळ ज्यानं येते तो विषाणू एकटा नाही, त्याचं मोठं खानदान आहे. गाईचा वेगळा, माणसाचा वेगळा. माणसातले हातावर येतात ते बिनकामाचे भाऊ, कोणाचं वाईट करत नाहीत. पण त्याच खानदानातले काही बाईच्या पिशवीच्या तोंडाशी जाऊन बसतात. वर्षानुवर्षं गप्प. मग कॅन्सर. हे परदेशात तेव्हा नुकतंच सिद्ध झालेलं. मॅडमचं म्हणणं एकच. गाईला लस चालते, तर बाईलाही चालणार. त्या लशीपायी त्यांनी पंधरवड्याची सुट्टी घेतलेली मला आठवत नाही, नवी साडी आठवत नाही.

साहेबाकडे फाईल घेऊन गेल्या. मी दाराशी किल्ली घेऊन उभा.

साहेब म्हणाला, "मॅडम, गाईच्या लशीचे पैसे मालक देतो. बाईच्या लशीचे कोण देणार?"

"तिचा मालक."

"तो गाईला देईल मॅडम. बायकोला देईल असं वाटतं तुम्हाला?"

मॅडमनी फाईल मिटली. साहेब मूर्ख होता, पण हे तो बरोबर बोलला होता. मग त्यानं खूश होऊन टेबलावर मॅडमनी ठेवलेला थर्मास उघडला आणि कपात ओतला. चहाऐवजी बर्फाचं पाणी आणि त्यात कल्याणच्या चामखिळी. त्या दिवसापासून कंपनीत कोणी कोणाचा थर्मास विचारल्याशिवाय उघडला नाही. आणि त्या दिवसापासून मॅडमचं नाव पडलं, चामखीळबाई.

तरी मॅडमनी काम सोडलं नाही. ते काही सोपं नव्हतं. हा विषाणू बाटलीत वाढतच नाही. "लोणचं नाही हो, की बरणीत घातलं आणि मुरलं," असं गाडीत पुढे बसून सांगायच्या. ड्रायव्हरशेजारी बसायच्या, मागे नाही. मागे बसलं की बोलायला मान वळवायला लागते म्हणून. वाढत नाही तर मारणार कुठला, आणि मारला नाही तर टोचणार काय? खटपट करून करून दमायच्या. दसऱ्याला सगळे मशीनला हार घालायचे, नारळ फोडायचे. मॅडम आपल्या काचेच्या बाटल्यांना हात जोडून म्हणायच्या, "तुम्हाला काही नाही. आधी काम करा."

नव्वदनंतर एक दिवस मॅडम पेढे घेऊन आल्या. सगळ्यांना वाटले. क्लार्कला, वॉचमनला, साहेबाला. सगळे म्हणाले, चामखीळबाईचं लग्न ठरलं. साहेबानं तर उभं राहून अभिनंदन केलं. "कोण आहेत मिस्टर?" मॅडम म्हणाल्या, "लस जमली."

"आपली?"

"नाही. परदेशातल्यांची."

साहेबानं पेढा अर्धा खाल्लेला. बाकीचा बशीत ठेवला.

गाडीत मी विचारलं, "मॅडम, दुसऱ्यांनी केलं ना? मग तुम्ही पेढे का वाटता?"

"मग काय सुतक पाळू?" मग समजावून सांगायला लागल्या. त्या लोकांनी विषाणू वाढवलाच नाही. नुसतं त्याचं वरचं टरफल बनवलं. ते आपोआप गोल होतं, दिसायला थेट खऱ्यासारखं, पण आत बी नाही. त्यानं रोग होऊच शकत नाही. पण अंगाला ते टोचलं की अंगाची खात्री पटते, दुश्मन आला. अंग तयारीला लागतं. मग खरा आला की त्याला दारातच धरतं.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या नगरसेवकासारखं. वरून सगळं बरोबर, आत काहीच नाही."

मॅडम इतक्या हसल्या की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या. मी पुढे रस्त्याकडे बघत बसलो. रस्त्यावर काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "हा थर्मास धुऊन घ्या दादा. आता त्यात चहा ठेवत जाऊ."

"मग आमच्या बायकांना ही लस कधी?"

"आत्ता तर कुठे टरफल जमलंय. जनावरांत बघतील, मग माणसांत बघतील. इथे यायला आणखी वर्षं जातील. तुमच्या सुनेला नाही मिळायची. नातीला मिळेल."

"आणि तोवर?"

"तोवर टॉर्च आणि व्हिनेगर."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच तसं होतं. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसते. वेळेत दिसली तर बाई वाचते. अट एवढीच, बाईनं दाखवायला हवं. आणि आमच्या गावात बाई डोकं दुखतंय हेसुद्धा नवऱ्याला सांगत नाही. त्याचं डोकं दुखेल म्हणून.

मॅडम आमच्या घरी जेवायला यायच्या. माझी बायको कमळा त्यांना सुकट आणि तांदळाची भाकरी वाढायची. घरात तिसरी माझी थोरली बहीण, आक्का. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता, लग्न झाल्यावर लवकरच गेला. तेव्हापासून ती आमच्याकडे. कोणाच्या बापाचं न ऐकणारी. एकदा जेवताना मॅडम सुरू झाल्या. मोठ्यानं, ताटावर. "पाळी गेलेली बाई, आणि परत अंगावरून लाल जायला लागलं, तर लगेच दाखवायचं. एक दिवस थांबायचं नाही." मी ताटात तोंड घातलं. आक्का वाढत होती. तिनं कालवणाची वाटी तशीच खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली.

मॅडम गेल्यावर कमळा म्हणाली, "आक्काला जातंय. पावसाळ्यापासून. कपडे लपवून वाळत घालते, मी बघितलेत."

मी आक्काला सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही. ती म्हणाली, "मना काय नाय झालाय. परत बोललास तर विहिरीत उडी टाकीन." आमच्या विहिरीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं, पण आक्का ते बघून थांबणारी बाई नव्हती.

मग कमळानं डोकं लढवलं. संक्रांत जवळ आलेली. तिनं मॅडमना सांगितलं, "माझ्या हळदीकुंकवाला या. टॉर्च घेऊन या." गावात निरोप गेला. यंदा कमळाकडे वाण मोठं आहे, स्टीलचं गाळणं. शेजारी दोन वर्षं प्लास्टिकची डबी देत होते. स्टीलचं गाळणं म्हटल्यावर मानपाड्यापासून ठाकुर्लीपर्यंतच्या ओळखीच्या बाया येणार हे नक्की झालं. फक्त अट अशी होती की आधी आत जाऊन मॅडमना दाखवायचं, मग गाळणं.

टपरीवर बाप्ये जमले. एक म्हणाला, "हळदीकुंकवाला डॉक्टरीण कशाला? बायकांचं बघायचं काय असतं?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात पण टॉर्च मारून घे, आत काही आहे का बघू." दुसऱ्यानं विचारलं, "गाळणं खरंच स्टीलचं आहे का?" त्याला तेवढंच काळजीचं वाटत होतं.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. मी बाहेर ओट्यावर बसलेलो. पुढचं कमळानं सांगितलं, आणि ते सांगायला खरं तर आज तीच पाहिजे होती.

बाया आल्या, नटून. पुढच्या खोलीत सतरंजी. कोपऱ्यात पडदा लावून मॅडमसाठी जागा केलेली. आणि तिथे कमळाच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हा सगळा घाट आक्कासाठी घातला, आणि आक्काच येऊ शकत नव्हती. हळदीकुंकू सवाष्णींचं. विधवेनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. एवढं डोकं चालवणाऱ्या बाईला हे आधी सुचलं नाही. आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं. आक्का नेहमीसारखी मागे चुलीपाशी बसून सगळ्यांसाठी दूध आटवत होती. बायांना वाण, आक्काला भांडी, हे इतकं रुळलेलं की दिसतसुद्धा नव्हतं.

कमळानं मॅडमना पाटावर बसवलं आणि कुंकवाचं बोट पुढे केलं. तेवढ्यात गावातली एक म्हातारी म्हणाली, "बाय, तुझा मालक काय करतो गो?"

"मालक नाही."

"मेला?"

"झालाच नाही."

कमळाचं बोट मध्येच राहिलं. मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं. "आक्का कुठे आहेत?"

म्हातारी म्हणाली, "ती कशी येल? तिला चालत नाय."

"मग मलाही चालत नाही. मी तिकडेच बसते." मॅडम पाटावरून उठल्या, बॅग उचलली, पडदा खुंटीवरून ओढून काढला आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथे बाजूला भाताच्या कणगीची खोली. पडदा तिथल्या दाराला लावला. आतून ओरडल्या, "ज्यांना गाळणं पाहिजे त्यांनी इकडून यायचं."

आता स्टीलचं गाळणं विधवेच्या चुलीवरून जाऊन मिळणार होतं. बाया बसल्या जागी एकमेकींकडे बघत. आधी म्हातारीच उठली. "माझं आता काय बिघडणार हाय," म्हणाली. तिच्यामागून सगळ्या.

मॅडमनी आक्काच्या हातात टॉर्च दिला. "धरा. हलवू नका. मला हात कमी पडतायत." आक्काला कोणी बस म्हटलं असतं तर ती बसली नसती. पण काम कर म्हटल्यावर तिला नाही म्हणता येत नाही. दुपारभर ती टॉर्च धरून उभी. मॅडम तिला सांगत होत्या, हे बघा, असं गुलाबी दिसलं की बरं. आक्का मान हलवायची. थोड्या वेळानं मॅडमच्या आधी बोलायला लागली. "जा गो, तुला काय नाय. घे गाळणा." एकीला व्हिनेगरचा वास आला. बाहेर येऊन म्हणाली, मॅडम आत लोणचं घालतायत.

सगळ्या गेल्या. आक्का टॉर्च घेऊन तशीच उभी होती. मॅडमनी हात धुतले. टॉर्च परत मागितला नाही. मग आक्काच म्हणाली, "आता माझा टॉर्च कोण धरेल?"

"कमळा धरेल."

कमळा सांगायची, मी टॉर्च धरला, मॅडमनी व्हिनेगर लावलं. पांढरं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला कंपनीची गाडी काढायला लावली. आक्का हसणाऱ्या गाईच्या गाडीत बसून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेली. कळव्याच्या पुढे पोरं गाडीकडे बघून हंबरत होती. आक्का खिडकीतून त्यांना शिव्या देत होती. मला त्या शिव्या ऐकून बरं वाटत होतं. साहेबानं संध्याकाळी विचारलं, गाडी कुठे नेली? मॅडम म्हणाल्या, "एक गाय आजारी होती." हे आक्काला कोणीतरी सांगितलं. ती कितीतरी दिवस रागावलेली. "मना गाय बोलली?" मग तिला कळलं की मॅडम गाईला 'अहो' म्हणतात. तेव्हा राग गेला.

ऑपरेशन झालं, किरणांचा शेक दिला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी थोडे दिवस गेले असते तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. आक्का परत आली. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "दूध कोणी करपवला?"

पुढच्या संक्रांतीला कमळानं पहिलं वाण आक्काच्या ओटीत टाकलं. सगळ्यांच्या समोर, पुढच्या खोलीत. आपल्या हातानं कुंकू लावलं. दोन बाया उठून गेल्या. वाण तेव्हा स्टीलचा डबा होता. पुढच्या वर्षी दोघीही परत आल्या.

मॅडमचं खातं कंपनीनं बंद केलं. साहेब म्हणाला, चामखिळीत नफा नाही. मॅडम सामान आवरून गेल्या, पुढे कुठे त्याचा पत्ता लागला नाही. जाताना आक्काला थर्मास देऊन गेल्या. आक्का त्यात चहा ठेवते. सुनेनं एकदा त्या थर्मासची जुनी गोष्ट ऐकली. तेव्हापासून ती चहा स्वतःचा वेगळा करते.

कमळा मागच्या वर्षी गेली. हार्टनं. आजारी पडायलाही वेळ घेतला नाही, मला काही करता आलं नाही. टॉर्च मारून बघता येईल अशी जागा नव्हती ती. ती गेल्यावर लोक आले, रडले, जेवले. माझं कोणी काही पुसलं नाही, काही फोडलं नाही. आताच एका लग्नात मला पुढे खुर्ची दिली, फेटा बांधला. मी तिथे बसून आक्काचा विचार करत होतो. विधवा झाली तर मागे चूल, आणि मी विधुर झालो तर पुढे खुर्ची. मला हे कोणी समजावून सांगावं. मॅडमनी सांगितलं असतं आणि वर साहेबालाच 'अरे' म्हटलं असतं.

परवा नातीला ती लस टोचायला डोंबिवलीच्या दवाखान्यात नेलं. हीच, टरफलाची. मॅडम बोलल्या होत्या, सुनेला नाही, नातीला. आक्का म्हणाली, मी येणार. आता तिला धड चालवत नाही, तरी रिक्षात बसली, मांडीवर थर्मास. पोरगी सुई बघून मागे सरकली.

आक्का म्हणाली, "घाबरू नको गो. नुसता टरफल हाय. आत काय नाय."

डॉक्टरीण बाई तरुण होती. तिनं सुई हातात धरली आणि आक्काकडे बघत राहिली. "आजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी टॉर्च धरायची," आक्का म्हणाली. पोरीची बाही तिनंच वर केली. डॉक्टरणीनं सुई टोचली.

मी येताना पेढे घेतलेले. दवाखान्यात वाटले. डॉक्टरणीला, नर्सला, बाकावर बसलेल्यांना. कंपाउंडर म्हणाला, "काका, काय विशेष? लग्न ठरलं का नातीचं?"

"लस झाली," मी म्हटलं.

त्यानं पेढा हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा साहेबानं मॅडमकडे पाहिलेलं तसंच. पण यानं पूर्ण खाल्ला.

घरी आलो. खोक्यात दोन पेढे राहिलेले. एक कमळाच्या फोटोपुढे ठेवला. दुसरा कोणाचा ते आक्कानं विचारलं नाही. थर्मासचं झाकण काढलं, झाकणात चहा ओतला, पेढा त्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, "अहो, घ्या."